वेब मिलर वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका परदेशी बातमीदारावर चाळीस पानांचा प्रकल्प करायचा आहे. मार्गदर्शकांनी अमेरिकन बातमीदार वेब मिलरचं नाव सुचवलं. पण जिथे बघावं तिथे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातल्या, धारासनाच्या मिठागरावरच्या लाठीमाराचा तोच एक उतारा. एका बातमीवर नाव झालेल्या माणसावर चाळीस पानं कशी भरायची, आणि त्याच्या आत्मचरित्रावर कितपत विसंबायचं?

तुमचा खरा प्रकल्प दुसऱ्या प्रश्नात आहे. आधी तालुका प्रतिनिधी, मग जिल्हा, मग मुंबईत डेस्क अशी माझी एकतीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, बातमीदाराचं आत्मचरित्र शेवटी वाचायचं. आधी त्याची त्या-त्या दिवशीची कॉपी, म्हणजे बातमी म्हणून लिहून पाठवलेला मूळ मजकूर. मिलरच्या बाबतीत ही दोन्ही हाताशी आहेत, आणि त्यांच्यात फट आहे. त्या फटीत चाळीस पानं आरामात बसतील.

आयुष्याचा सांगाडा चार ओळींत उरकतो, कारण तो कुठल्याही विश्वकोशात मिळेल. जन्म १८९१, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं शेतीवरचं घर. १९१२ च्या सुमारास शिकागोच्या दैनिकात उमेदवारी: पोलीस ठाणी, कोर्ट, फाशी, आगी. १९१६ मध्ये मेक्सिकोचा बंडखोर पुढारी पांचो व्हिया याने सीमा ओलांडून न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावावर हल्ला केला आणि त्याच्या मागावर अमेरिकेच्या जनरल पर्शिंगची फौज मेक्सिकोत शिरली. मिलर त्या फौजेमागे गेला आणि तिथूनच युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा झाला, तो मरेपर्यंत. मग पहिलं महायुद्ध, लंडन, पॅरिस.

इथे एक बातमी जरा थांबून बघा. २५ फेब्रुवारी १९२२, पहाटेची वेळ, व्हर्सायचा तुरुंग. दहा बायका आणि एक मुलगा अशा अकरा खुनांसाठी दोषी ठरलेल्या लांद्रूला गिलोटिनवर चढवलं जात होतं. मिलर पंधरा फुटांवर उभा होता. वर्णन अंगावर येतं खरं, पण मला त्यात दुसरंच काही दिसतं: हा माणूस घड्याळाकडे बघतोय. लांद्रू अंगणात दिसल्यापासून सगळं संपेपर्यंत २६ सेकंद, अशी नोंद त्याने केली आहे. बाकीचे श्वास रोखून उभे असतील त्या क्षणी याची नजर मनगटावर. आमच्या धंद्यात याला कोणी निर्दयपणा म्हणतं, कोणी सवय. शिकागोत दहा वर्षांपूर्वी लागलेली सवय असावी, असं माझं मत.

आता धारासना. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली होती, त्यांच्यानंतर नेतृत्व घेणारे अब्बास तय्यबजीही आत होते, आणि २१ मेच्या मोर्चाची सूत्रं सरोजिनी नायडूंकडे आली होती. मिलर मुंबईहून गाडीने डुंगरी स्टेशनला उतरला. स्टेशन म्हणजे धुळीत बसलेल्या चार झोपड्या. वाहन नाही, इंग्रजी बोलणारं कोणी नाही. 'धारासना, धारासना' म्हणत क्षितिजाकडे बोट दाखवायचं आणि लोक हात करतील तिकडे चालायचं. खांद्याला सँडविचचं गाठोडं, पाण्याच्या दोन बाटल्या, निवडुंगाची कुंपणं, बोटभर धूळ. असे सहा-एक मैल. पोचला तेव्हा गवताने शाकारलेल्या लांबलचक मांडवांत अडीच हजार स्वयंसेवक होते आणि सुरुवातीला त्यांनी याच्याकडे संशयानेच पाहिलं. गोरा माणूस, टोपीवाला, त्या दिवशी, त्या जागी. कोण विश्वास ठेवेल?

मी जिल्ह्यात असताना नव्या पोरांना हा चालण्याचा भागच वाचायला द्यायचो, लाठीमाराचा नाही. बातमीच्या जागी पोचणं हे निम्मं काम असतं आणि ते छापून येत नाही. मिलर तिथे असलेला एकमेव परदेशी बातमीदार होता. सरकारी निवेदन मुंबईत बसूनही मिळालं असतं.

पुढचा उतारा तुम्ही वाचला असेल. मिठागराभोवती पाण्याने भरलेले खंदक, आत काटेरी तार, चारशे पोलीस, सहाएक इंग्रज अधिकारी, पाच-पाच फुटी लाठ्या आणि त्यांच्या टोकांना पोलाद. स्वयंसेवकांची रांग पुढे जाते, लाठ्या पडतात, एकही हात डोक्यावर आडवा येत नाही. कवट्यांवर बसणाऱ्या लाठ्यांचा आवाज मिलरला उभा होता तिथे ऐकू येत होता. अकरा वाजता सावलीत ११६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने ४७ च्या घरात.

हा उतारा आत्मचरित्रातला आहे. 'आय फाउंड नो पीस' नावाचं ते पुस्तक १९३६ चं, म्हणजे घटनेनंतर सहा वर्षांनी छापलेलं. पण त्याची २२ मे १९३० ची कॉपीही उपलब्ध आहे. डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीची ठिकाण-तारखेची ओळ, आहे धारासना छावणी, सुरत जिल्हा, मुंबई इलाखा, आणि पुढे 'टपालाने'. हा 'टपालाने' शब्द लक्षात ठेवा. वृत्तसंस्थेच्या कॉपीवर तो शब्द असला की समजायचं, बातमी शिळी आहे पण तारेच्या वाटेने गेलेली नाही. तारेची वाट सेन्सॉरच्या टेबलावरून जायची.

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवा.

२२ मेच्या कॉपीत मिलर आधी सरकारी आकडा देतो: जखमी १७०, त्यात गंभीर तीन-चार. मग म्हणतो, काल दुपारी बाराच्या सुमारास मी काँग्रेस छावणीतल्या तात्पुरत्या इस्पितळात गेलो आणि ओळीने जमिनीवर पडलेले दोनशेहून अधिक जखमी मोजले. त्यांना खरोखर मार लागल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी केली. आणि त्यानंतर: आज ब्रिटिश मालकीची वर्तमानपत्रंसुद्धा आकडा ३२० देत आहेत.

तीन आकडे, तीन मालक. सरकारचे १७०, माझे दोनशेवर, वर्तमानपत्रांचे ३२०. कुठला आकडा कोणाचा, याची कुठेही सरमिसळ नाही. डेस्कवर अशी कॉपी आली की मी लाल पेन खाली ठेवायचो.

पुस्तकात काय आहे? मी इस्पितळात गेलो आणि ३२० जखमी मोजले, दोन दगावले होते.

हे मी मिलरला खोटारडा ठरवण्यासाठी सांगत नाही. शक्य आहे की तो नंतर पुन्हा इस्पितळात गेला आणि पुन्हा मोजलं. पण मग दुसऱ्या दिवशीच्या कॉपीत ते का नाही? तिथे तर तो ३२० हा आकडा स्वच्छपणे इतरांच्या नावावर मांडतो. मला वाटतं घडलं ते साधंच आहे, कारण माझ्याबाबतीतही तेच घडलं.

तालुक्याला असताना एका पावसाळ्यात आमच्या घाटात एसटी कोसळली. मी मोटारसायकलवर पोचलो, भिजलो, खाली उतरलो, बातमी ट्रंक कॉलवर सांगितली. पुढे पंधरा-वीस वर्षं नव्या मुलांना, व्याख्यानांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी सांगत आलो की टॉर्चच्या उजेडात मी स्वतः बत्तीस जखमी मोजले. निवृत्तीच्या वेळी कात्रणं लावताना ती बातमी हाताला लागली. तिसरी ओळ: 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार ३२ जण जखमी झाले.' म्हणजे मोजले हवालदाराने. मी मोजायला सुरुवात केली होती हे खरं, पण स्ट्रेचर आलं आणि मी एका बाजूने धरलं. आकडा तोच राहिला, मोजणारा मात्र बदलला. आठवण अशी लबाडी करते आणि करताना आपल्याला विचारत नाही.

उलट, त्याच पुस्तकात आणखी दोन आकडे आहेत: एका क्षणी अठरा जखमींना एकदम उचलून नेलं जात होतं आणि बेचाळीस जण अजून रक्तबंबाळ पडून होते. यांच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो. सहा वर्षांनी कोणाला बेचाळीस आठवतात? तो आकडा वहीतून आलेला आहे. घडी पडलेली, घामाने भिजलेली, कुठल्या तरी ट्रंकेत जपलेली वही. प्रकल्पात असे वाकडे आकडे आणि गोल आकडे वेगळे काढून बघा, बरंच काही हाती लागेल.

भावनांचंही तेच. पुस्तकात एक फार प्रामाणिक कबुली आहे: मारणाऱ्या पोलिसांचा जितका संताप येत होता, जवळजवळ तितकाच निमूट मार खाणाऱ्यांचाही येत होता, आणि तेही गांधींच्या लढ्याबद्दल सहानुभूती घेऊन मी भारतात आलो असताना. त्या दिवशीच्या कॉपीत ही भावना इतकी उलगडलेली नाही. तिथे आहे ती किळस: मुक्या जनावराला मारताना बघून वाटतं तशी, थोडा राग, थोडी शरम. पुस्तकातली कबुली मागाहून सुचलेली असेल, पण म्हणून ती खोटी ठरत नाही. काही गोष्टी आपल्याला नेमक्या काय वाटल्या होत्या हे कळायला वर्षं जातात. आकड्याला जो नियम लावला तो भावनेला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मात्र लिहून ठेवा, नाहीतर परीक्षक तुम्हाला तिथे पकडतील.

कॉपीत आणखी दोन जागा अशा आहेत, ज्या पुढे गाजलेल्या उताऱ्याच्या सावलीत गेल्या. पहिली: सुरतचे ते देशी शिपाई पुष्कळदा मारायला नाखूश दिसत होते. अधिकारी रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेले की हात ढिला पडायचा, अधिकारी परतले की पुन्हा धमकावणं आणि मारणं सुरू. पण काही वेळा ते चिडायचे आणि मग खरोखरच मारायचे, पडलेल्याला लाथा घालायचे. खंदकात पडून काठाला धरून असलेल्या एका स्वयंसेवकाला शिपायाने रागाने पुन्हा मारलेलं त्याने पाहिलं. एकाच माणसात नाखुशी आणि चीड दोन्ही. हे दिसायला फार वेळ उभं राहावं लागतं, आणि नजर मार खाणाऱ्यावरून काढून मारणाऱ्यावर न्यावी लागते. मी कितीतरी मोर्चे केले, लाठीमार पाहिले. शिपायाच्या चेहऱ्याकडे बघायचं मला पहिल्या दहा वर्षांत सुचलंच नाही.

दुसरी जागा: शेवटाकडे तो म्हणतो, अधिकाऱ्यांनाही न्याय द्यायचा तर सांगायला हवं की स्वयंसेवक कायदा मोडत होते, पांगायला नकार देत होते, दोर लावून तारेचं कुंपण ओढून पाडायला बघत होते आणि अंगावरच्या जखमांचा त्यांना अभिमान वाटताना दिसत होता. हा परिच्छेद काहींना खटकतो. मला तो कॉपीतला सगळ्यात बळकट परिच्छेद वाटतो. हे सांगूनही तो पुढच्या वाक्यात लिहितो की अठरा वर्षांत बावीस देशांत बातमीदारी केली, पण इतकं विदारक दृश्य पाहिलं नाही. आधीची कबुली असल्यामुळे पुढच्या वाक्याला वजन येतं. सरकारची बाजू त्याने स्वतः मांडून झालेली असते, त्यामुळे लंडनला खोडायला काही उरत नाही.

सेन्सॉरशी झटापट झालीच. मुंबईहून पाठवलेल्या पहिल्या तारा अडवल्या गेल्या. प्रकरण उघड करीन अशी धमकी दिल्यावर त्या सुटल्या. आणि गंमत म्हणजे सेन्सॉरचा आक्षेप कशाला होता ते मिलरने टपालाच्या कॉपीतच लिहून टाकलं: इतर गोष्टींबरोबर, त्याच्या त्या किळसेच्या वर्णनाला.

ही बातमी १,३५० वर्तमानपत्रांत लागली असं सांगतात, आणि सिनेटर जॉन ब्लेन यांनी ती अमेरिकी सिनेटच्या कामकाजात नोंदवली. इतक्या वर्तमानपत्रांत कशी लागली, यावर एक प्रकरण करा. विद्यार्थी हे नेहमी विसरतात. असोसिएटेड प्रेस ही वर्तमानपत्रांनी मिळून चालवलेली सहकारी संस्था. जुने सभासद आपल्या गावातल्या स्पर्धकाला आत येऊ देत नसत. १९०७ मध्ये स्क्रिप्स या वृत्तपत्रमालकाने युनायटेड प्रेस काढली ती 'जो पैसे देईल त्याला बातमी' या तत्त्वावर. त्यामुळे तिची गिऱ्हाइकं लहानमोठी, गावोगावची, आणि बातमी विकली जायची ती रंगावर, तपशिलावर. मिलरची शैली त्या बाजारात घडली आहे. एखाद्या दैनिकाचा बातमीदार असता तर धारासना एका शहराच्या वाचकांपुरतं राहिलं असतं. त्याच मे महिन्यात आपल्याकडे शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, तिथेही लोकांनी मार खाल्ला. शिरोड्याला मिलर नव्हता.

आता उणं. गाजलेल्या उताऱ्यात सरोजिनीबाई आहेत, मणिलाल गांधी आहेत, ऐन सकाळी येऊन पोचलेले विठ्ठलभाई पटेल आहेत. मार खाणाऱ्यांपैकी, नेते सोडले तर, कोणाचं नाव नाही. अडीच हजारांतल्या एकालाही 'बाबा रे, तू कुठल्या गावचा, घरी कोण आहे' असं विचारल्याचं दिसत नाही. इंग्रजी बोलणारी कॉलेजची पोरं तिथे होती, दुभाषा मिळाला असता. परदेशातून आलेल्या बातमीदाराला गर्दी दिसते, माणूस दिसायला वेळ लागतो. त्याला तेवढा वेळ नव्हता, हेही खरं.

पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मिलर त्यांना भेटला. मिलर हा अमेरिकन लेखक थोरोचा भक्त, त्याने विचारलं, तुम्ही थोरो वाचलाय का? मिलरच्या म्हणण्याप्रमाणे गांधीजी खुशीत हसले आणि म्हणाले, वाचलाय तर, १९०६ साली जोहान्सबर्गमध्ये 'वॉल्डन' वाचलं, आणि आमच्या चळवळीचं नावही मी थोरोच्या कायदेभंगावरच्या निबंधावरून घेतलं. ही मुलाखत अमेरिकेत आजही उद्धृत होते. पण १० सप्टेंबर १९३५ ला गांधीजींनी कोदंड राव यांना एक पत्र लिहिलं. कोदंड राव म्हणजे आपल्या पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे. त्यात गांधीजी स्पष्ट म्हणतात की कायदेभंगाची कल्पना मी थोरोकडून घेतली हे चूक आहे. तो निबंध हाती येण्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेतला प्रतिकार बराच पुढे गेला होता. सत्याग्रह हा शब्द गुजराती वाचकांसाठी घडवला आणि इंग्रजी वाचकांना समजावं म्हणून थोरोचा शब्दप्रयोग वापरला.

बघा, दोन्ही विधानं तशी जुळतात. 'नाव घेतलं' आणि 'कल्पना घेतली' यांत अंतर आहे. पण थोरोच्या भक्ताने विचारलेला प्रश्न, समोरच्याचं हसू आणि मग छापलेलं उत्तर, या वाटेत ते अंतर बुजलं. मुलाखत घेणाऱ्याला हवं ते उत्तर मिळालं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही विचारलेला नाही, अनेकदा.

नंतरची वर्षं झपाट्याने. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीचं सैन्य इथिओपियात शिरलं तेव्हा मिलर इटलीच्या फौजेसोबत होता आणि आक्रमण सुरू झाल्याची बातमी त्याने सगळ्यांआधी दिली. मग स्पेन, मग फिनलंडचं हिवाळी युद्ध. तोवर तो युनायटेड प्रेसचा युरोपातला मुख्य होता, लंडनला बसायचा. आत्मचरित्राचं नाव हे काही सजावटीसाठी ठेवलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं माणसं मरताना मोजल्यावर माणसाला काय होतं ते त्या पुस्तकाच्या सुरात ऐकू येतं. आज त्याला आपण तणाव वगैरे म्हणू, तेव्हा त्याला नोकरी म्हणत.

मे १९४० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये नॉर्वेतल्या युद्धातल्या अपयशावर पंतप्रधान चेंबरलेन यांची खरडपट्टी चालू होती. ८ मेला मिलरचा मृतदेह लंडनच्या क्लॅपम जंक्शनजवळ रुळांवर सापडला. ब्लॅकआउटचा काळ, दिवे बंद, तेव्हाच्या तिकडच्या डब्यांची दारं थेट बाहेर उघडणारी. अंधारात गाडीतून पडून गेला, हाच निष्कर्ष निघाला. वय ४९. दोनच दिवसांनी, १० मेला, जर्मनीने पश्चिमेकडे हल्ला केला आणि त्याच संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले. बावीसहून जास्त देश फिरलेला माणूस रोजच्या लोकलने घरी जाताना गेला, आणि शतकातली सर्वांत मोठी बातमी त्याच्या हातून दोन दिवसांनी हुकली.

१९८२ च्या 'गांधी' चित्रपटात मार्टिन शीनने रंगवलेला बातमीदार मिलरवर बेतलेला आहे, पण तो प्रकल्पात एका ओळीपेक्षा जास्त नको. चित्रपटाबद्दल तुमच्या वर्गातले इतर सगळे लिहितीलच.

तुम्ही एवढंच करा. मे १९३० ची कॉपी आणि १९३६ चं पुस्तक यांच्या मधल्या सहा वर्षांत मिलरने धारासनाबद्दल जिथे जिथे लिहिलं किंवा सांगितलं, ते तारखेनुसार लावा. 'वर्तमानपत्रं ३२० म्हणतात' हे वाक्य 'मी ३२० मोजले' असं पहिल्यांदा कुठे झालं, ती जागा शोधा. सापडली तर मला जरूर कळवा. मला माझ्या बत्तीसचीही तारीख अजून लागलेली नाही.